आधी वस्ताद

कन्नडच्या गाडीवरचे ते कंडक्टर भल्याभल्यांना 'सरका म्होरं' म्हणून दटावत. कान मोडलेला म्हातारा पहिलवान चढला, की मात्र स्वतःची जागा देत.

यात्रेत कुस्त्या लागल्या, तेव्हा संयोजकांनी एका थकलेल्या वस्तादांना पुढच्या खुर्चीवरून खुशाल उठवलं. पुढाऱ्याच्या भाच्याला बसायचं होतं. कंडक्टर चपला काढून आखाड्यात शिरले आणि मातीत मांडी घालून बसले.

"आधी वस्ताद बसतील, मंग कुस्ती. लाज हाय का नाय?"

जोडीतले दोघं तरणे पहिलवानही त्यांच्याशेजारी बसले. भाचा उठला, पण वस्ताद तोवर निघून गेले होते.

कंडक्टरांनी त्या खुर्चीवर आपला टॉवेल टाकला आणि शेवटच्या कुस्तीपर्यंत तिथं कुणालाही बसू दिलं नाही.