वसंताटीचरच्या गणितातली माणसं

वसंताटीचरच्या गणितात येणारी माणसं खरी असायची. पुस्तकातल्या गणितात 'एक मनुष्य' असतो, त्याला ना नाव ना गाव. टीचरना असला मनुष्य चालत नसे. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या इमारतीत पाणीटंचाईच्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या गुंडोरावांनी चोरून मोटर लावली, की दुसऱ्या दिवशी ट्यूशनच्या पोरांना गणित तयार. 'गुंडो नावाच्या लबाड माणसाच्या टाकीत तासाला इतकं पाणी येतं, भोकातून इतकं जातं, तर टाकी कधी रिकामी होईल?' टाकी रिकामी झालीच पाहिजे. गुंडोची टाकी भरल्याचं गणित टीचरनी जन्मात घातलं नाही.

पोरांना याची भारी मजा वाटे. "टीचर, आज गणितात कोण?" असं विचारतच ती दाराशी चपला काढायची.

मग टीचर त्यांना एक्स शिकवायच्या. "ज्याचा पत्ता नाही तो एक्स. घाबरायचं नाही त्याला. लपून बसलाय, एवढंच. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना सारखंच करत जायचं, की येतो मुकाट बाहेर. कळलं कां? आणि बाहेर आला तो वजा आला, तरी घाबरायचं नाही. वजा म्हणजे मागे वळून बघ. पुढे होणार नाही, मागेच होऊन गेलंय."

पण इतक्या वर्षांत एक माणूस त्यांच्या गणितात कधी आला नाही. तो म्हणजे शाळेचे हेडमास्तर सेतुमाधवराव. ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग, तोच कसा सुटला, असं कुणालाही वाटेल. कारण साधं होतं. बाकीच्यांना टाकी, दूध, आगगाडी, काहीही पुरायचं. सेतुमाधवरावांना शोभेल असं गणित टीचरना अजून सापडलं नव्हतं.

दोघंही तंजावूरकडची मराठी माणसं. घरात बोलायची ती मराठी, जिला पुण्याचा पाहुणा गालातल्या गालात हसेल, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. दोघं एकाच अनुदानित शाळेत गणिताला लागली. सेतुमाधवराव काही महिने आधी लागले, तेवढ्यावर ते हेडमास्तर झाले. त्याचंही टीचरना एवढं वाटलं नव्हतं. नशीब म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

सोडलं नाही ते पुढचं. सेतुमाधवरावांना एक्सचा भयंकर तिटकारा. "ज्याला डोकं नाही तो एक्स धरतो," असं ते म्हणायचे. हेडमास्तर झाल्यावर पहिल्याच वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, शाळेच्या हॉलमध्ये गणित मंडळाचा कार्यक्रम होता. टीचरनी फळ्यावर गणित घातलं. बाप चाळीस वर्षांचा, मुलगा तेरा वर्षांचा, तर किती वर्षांनी बापाचं वय मुलाच्या चौपट होईल? समीकरण मांडलं, सोडवत आणलं, एक्स आला वजा चार. आता टीचर वळून सांगणार होत्या, की वजा चार वर्षांनी म्हणजे चार वर्षांपूर्वी, तेव्हा बाप छत्तीसचा होता आणि मुलगा नऊचा. या एका जागेसाठीच त्यांनी ते गणित निवडलं होतं. पण तेवढ्यात सेतुमाधवराव माईकपाशी आले.

"उत्तर वजा आलं म्हणजे गणित चुकलं, हे चौथीच्या पोरालाही कळतं," ते म्हणाले. "वजा वर्षं म्हणे! आमच्या वसंताटीचरचा नवरासुद्धा बहुतेक वजा वर्षांनीच येणार. तोच तर त्यांचा एक्स!"

हॉल फुटल्यासारखा हसला. पोरं हसली, मास्तर हसले. टीचरचं लग्न का राहिलं, अंथरुणाला खिळलेल्या आईबापांचं कुणी केलं, हे त्या मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, तरी हसले. टीचर फळा पुसून खाली उतरल्या. रडल्या नाहीत. रडण्यात वेळ घालवला तर सूड कधी घ्यायचा?

पुढच्याच आठवड्यात त्यांची दहावी काढून घेतली आणि सहावी गळ्यात मारली. परीक्षेत एक्स धरून सोडवलेल्या गणिताला शून्य, असा नियमही झाला. त्या दिवसापासून टीचरना जगात एकच गोष्ट हवी होती. हेडमास्तरांची खुर्ची. सेवाज्येष्ठतेत सेतुमाधवरावांच्या मागे त्याच होत्या. त्या खुर्चीत बसून एक्स पुन्हा वर्गात आणायचा, असं त्या स्वतःला सांगत. पण खोटं कशाला बोला? त्याच्या खुर्चीत बसायचं होतं, ही पहिली गोष्ट. एक्स नंतर.

आणि नेमकं तेच होणार नव्हतं. दाखल्यावर दोघांचं जन्मसाल एकच, पन्नास. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणजे दोघंही एकाच मे महिन्यात घरी जाणार. सेतुमाधवरावांना ते तोंडपाठ होतं. "वसंताटीचर, हार आपण दोघं एकदमच घालून घेऊ हो," ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे. "खुर्ची तुम्ही लांबूनच बघा." टीचर हसून मान डोलवायच्या आणि दात आवळायच्या.

अशी आठ वर्षं गेली. दोन हजार सहा सालच्या एका सकाळी सेतुमाधवरावांची बायको जयंतीबाई कुंकवाचा करंडा घेऊन टीचरच्या दारात आल्या. फार साधी बाई. "वसंताक्का, येणं करा हो नक्की," त्या म्हणाल्या. "यांची षष्ट्यब्दपूर्ती ठरली. व्यय संवत्सरातला जन्म यांचा. साठ वर्षं फिरून व्ययच आला बघा परत. मांडवात बसायचं, आमचं पुन्हा लग्न लावणार लेकी-जावई. लाजच वाटते मला, अय्यो!"

टीचरनी त्यांना कुंकू लावलं, विडा दिला, जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. मग आत येऊन दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. साठ!

त्या पिढीत हे घरोघर चालायचं. मुलाला शाळेत घालताना बाप वय कमी सांगायचा, पुढे नोकरी लांबावी म्हणून. एक तारीख शाळेची, एक नक्षत्राची. शाळेची खोटी खपून जाते, पण षष्ट्यब्दपूर्ती खोट्या तारखेवर होत नाही, तिथे देव मध्ये असतो. म्हणून दाखल्यात छप्पन्नचा असलेला माणूस मांडवात साठचा होऊन बसतो. आणि गंमत म्हणजे कुणाला त्यात काही खटकत नाही. दाखला एका कप्प्यात, पंचांग दुसऱ्या. वजाबाकी कोण करतो? सेतुमाधवरावांनी शाळेच्या करस्पाँडंटना, म्हणजे संस्था चालवणाऱ्या हरिप्रसादांनासुद्धा खुशाल पत्रिका दिली होती, आणि त्यांनी "वा वा, साठी!" म्हणून ती घेतलीही होती.

टीचरना अर्ज करता आला असता. पण अर्ज फायलीत जातो आणि फाईल कपाटात. सेतुमाधवरावांनी हॉल भरून हसवलं होतं. उट्टं काढायचं ते हॉल भरूनच.

गणित कोण सोडवणार, हेही त्यांनी ठरवून टाकलं. सेतुमाधवरावांची नात लावण्या त्यांच्याकडे ट्यूशनला यायची. अकरा वर्षांची, सहावीत, टीचरच्याच वर्गात. आजोबांच्या तोंडी हिशेबांनी पोर रडकुंडीला यायची, म्हणून तिच्या आईनेच गुपचूप पाठवलेली. एक्स तिला पहिल्याच आठवड्यात आवडला होता, आणि वजा उत्तर आलं की ती टाळ्या पिटायची, "मागे वळून बघ, टीचर!" म्हणून. या पोरीला यात कशाला ओढायचं, असं टीचरच्या मनात एकदा आलं. एकदाच आलं. मग त्यांना तो माईक आठवला.

कल्याण मंडपात त्या दिवशी कोण गर्दी! नादस्वरम वाजत होतं. सेतुमाधवराव रेशमी काठाचं धोतर नेसून, गळ्यात हार घालून बसले होते, आणि शेजारी जयंतीबाई नव्या नवरीसारख्या खाली बघत होत्या. कलशांच्या पाण्याने अभिषेक झाला, पुन्हा मंगळसूत्र बांधलं. पानं मांडायच्या आधी लोक चार शब्द बोलू लागले. हरिप्रसादांनी शाल घातली, मोठं गुणगान केलं. आणि मग, देवाची करणी बघा, सेतुमाधवरावांनी स्वतःच बोट केलं. "आमच्या एक्सवाल्या टीचरही आल्यात. बोला हो, चार शब्द."

लोक हसले. टीचर उठल्या, पदर खोचला, माईक हातात घेतला.

"मला भाषण येत नाही," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, सगळ्या हॉलला कळेल असं. "मला गणितं येतात. तेव्हा सरांच्या सन्मानार्थ एक गणित घालते. पोरांनो, ऐका. एक नात अकरा वर्षांची. तिच्या आजोबांचं वय तिच्या वयाच्या पाचपटीहून पाचने जास्त. आजोबा नोकरीत आहेत. त्यांच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त करतात. तर आजोबा किती वर्षांनी निवृत्त होतील?"

मोठी माणसं कौतुकाने हसत होती. सेतुमाधवरावही हसत होते, अर्धंच ऐकत. पोरं बोटं मोजायला लागली. आणि पहिल्या रांगेतून, परकर सावरत, लावण्या उभी राहिली.

"अकरा पाचे पंचावन्न, आणि पाच साठ. साठ अधिक एक्स बरोबर अठ्ठावन्न," ती घडाघडा म्हणाली. "मायनस दोन, टीचर!"

"मायनस दोन म्हणजे काय गं?"

"मागे वळून बघ! म्हणजे दोन वर्षांपूर्वीच झाले की ते रिटायर!"

तिने टाळ्या पिटल्या. एकटीनेच पिटल्या. आधी शाळेतल्या मास्तरांची तोंडं बंद झाली, मग हरिप्रसाद पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता थांबले आणि त्यांनी सेतुमाधवरावांकडे वळून पाहिलं. वजाबाकी कधी न करणारी माणसं वजाबाकी करत होती, एकेक, डोळ्यांदेखत. कुजबुज मागच्या रांगांपर्यंत गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग पुष्कळजण हसले. सेतुमाधवराव तोंड उघडून बसले होते. हार वर-खाली होत होता.

"उत्तर वजा आलं, सर," टीचर गोड आवाजात म्हणाल्या. "गणित चुकलं असेल, नाही कां?"

माईक ठेवून त्या पंगतीत जाऊन बसल्या आणि पोटभर जेवल्या. पायसम दोनदा मागून घेतलं. एवढं गोड त्यांना कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

चौकशीबिवकशी काही झाली नाही. आपल्यातलाच माणूस, झाकली मूठ राहू द्या, असं हरिप्रसादांनी ठरवलं. सेतुमाधवराव तब्येतीच्या कारणावरून रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. खुर्ची टीचरना मिळाली. पहिल्या दिवशी त्या खोलीचं दार आतून लावून त्या नुसत्या बसून राहिल्या. खुर्चीच्या पाठीला टेकल्या, तिच्या हातांवर हात ठेवले, आणि एकट्याच मोठ्याने हसल्या. कशी जिरवली! पश्चात्ताप? छे. ज्यांनी विचारलं त्यांना टीचरनी सांगितलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

लावण्याची ट्यूशन दुसऱ्याच दिवशी बंद झाली. तेही टीचरनी धरलंच होतं. जयंतीबाई मांबलम स्टेशनच्या पुलाखाली समोरून आल्या, तर पदर ओढून पलीकडून गेल्या. ते जरा लागलं, पण थोडंच.

जूनमध्ये शाळा पुन्हा उघडली. सातवीचं गणित टीचरनी हौसेने स्वतःकडे ठेवलं होतं. शून्याचा नियम गेला होता, एक्स परत आला होता. लावण्या मागच्या बाकावर बसली होती, वेणी पुढे घेऊन, मान खाली. टीचरनी मुद्दाम पाठ्यपुस्तकातलंच गणित फळ्यावर लिहिलं, कुणाचं नाव नसलेलं. आई चौतीस वर्षांची, मुलगी बारा वर्षांची, किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या तिप्पट होईल? मग त्यांनी लावण्याला फळ्यापाशी बोलावलं. ही पोर टाळ्या पिटेल, अशी त्यांची खात्री होती.

लावण्याने समीकरण मांडलं. एक ओळ, दुसरी ओळ, अक्षर तसंच वळणदार. 'एक्स बरोबर' इतकं लिहिलं, आणि तिचा हात थांबला.

"लिही की," टीचर म्हणाल्या. "मायनस किती?"

"गणित चुकलंय, टीचर."

"चुकलं नाही गं. वजा आलं की काय करायचं, विसरलीस? मी काय शिकवलंय?"

पोरीने मान वर केली. डोळे कोरडे होते, पण ती टीचरकडे अशी बघत होती जशी मोठी माणसं अनोळखी माणसाकडे बघतात.

"आधी सांगा, टीचर," ती म्हणाली. "ही आई कोण?"

"अगं, कुणी नाही! पुस्तकातली आहे."

"आमच्या तात्तांच्या वेळी पण तुम्ही नुसतं 'एक नात, तिचे आजोबा' म्हणाला होतात."

लावण्याने खडू टेबलावर ठेवला, हात परकराला पुसले आणि ती आपल्या बाकावर जाऊन बसली.