बेलावर ठेवलेला झुबका

कॉलेजने त्या वर्षी मला तासिकेवर घेतलं नाही आणि बायकोची बदली ताडकळसच्या दवाखान्यात झाली. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. त्यामुळे ती नोकरीवर आणि मी घरी, असं एक वर्ष आमच्या वाट्याला आलं. घरी म्हणजे सहा वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा, भाड्याच्या घराबरोबर आपोआप मिळालेली एक मांजर आणि मागच्या अंगणातली बाग. बाग हा शब्द माझा. बायको तिला ‘तुमचा उद्योग’ म्हणायची.

उद्योग तरी कसला! मेथीचा वाफा केला, तर पोरगा रोज सकाळी जाऊन एकेक रोप उपटायचा, मूळ किती वाढलं ते बघायचा आणि पुन्हा मातीत खोचून ठेवायचा. मी ओरडलो की तो माझ्याहून मोठ्यानं ओरडायचा. भोपळ्याचा वेल शेजारच्या पत्र्यावर चढला आणि फळला तो तिकडंच. मिरच्यांवर बोकड्या रोग पडून पानं आकसली. बायको दमून घरी आली की मी दिवसभरात काय केलं हे सांगायला माझ्याकडे काही नसायचं. दिवसभर मात्र मी एक मिनिट बसलेलो नसायचो. चिडायचो, पोरांवर खेकसायचो आणि मग ती झोपली की त्यांच्याकडे बघून मलाच वाईट वाटायचं.

माझ्या मदतीशिवाय जोमात वाढणारी अंगणात एकच गोष्ट होती, ती म्हणजे बेल. तो घरमालकीण काकूंचा. पुढच्या बाजूला त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सकाळी तळहातावर लिंग घेऊन त्यावर बेल वाहिल्याशिवाय त्या दुकानाचं शटर वर करत नसत.

आषाढ संपत आला तेव्हा त्या बेलात बुलबुलाचं घरटं मुलीला सापडलं. माझ्या डोक्याच्या थोडं वर, काटेरी बेचक्यात. आधी तीन अंडी, मग दोन पिल्लं. तिसरं अंडं तसंच राहिलं. नवीन शाळेत तिला मैत्रीण मिळत नव्हती. सकाळी पोट दुखतं म्हणायची, गेटपर्यंत रडायची. पिल्लं निघाली आणि पोट दुखायचं थांबलं. आता शाळेत सांगायला तिच्याकडे काहीतरी होतं. फक्त एक अट तिनं घातली. “मी शाळेत गेले की तुमी बघायचं, पप्पा. उडेपर्यंत.”

मी हो म्हणालो. कॉलेज सुटल्यापासून कुणीतरी मला दिलेलं ते पहिलं काम होतं.

मग मी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बेलाखाली बसू लागलो. मांजरीच्या गळ्यात घुंगरू बांधलं, तर दोन दिवसांत ती घुंगरू न वाजवता चालायला शिकली. शेवटी तिला न्हाणीत कोंडायला लागलो. ती आत रडायची, पोरगा दाराबाहेर रडायचा. बोळातून जाणारे विचारायचे, “सर, काय करायलाव?” काय सांगणार? एमए, नेट झालेला माणूस दोन बुलबुलांची राखण करायलाय.

आणि श्रावण आला. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून सगळं गाव रविवारी तोडतं. पहिल्याच रविवारी सकाळी दुरड्या, पिशव्या घेऊन बाया अंगणात हजर. काकूंनी दुकानात येईल त्याला सांगून ठेवलेलं. मुलगी झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी काकूंना घरट्याचं सांगितलं. म्हणालो, आठ दिवस थांबा, पिल्लं उडून जातील.

“बेलाला कुणी न्हाई म्हणतंय का, सर? महादेवाचंच हाय की ते,” त्या म्हणाल्या. मग मुलीचं तोंड बघून नरमल्या. “घरटं सोडून तोडू की. लेकराचं मन कशाला मोडायचं?”

झाड त्यांचं, घर त्यांचं, देवही त्यांच्या बाजूचा. भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारा मी त्या दिवशी लगेच मान डोलावून मोकळा झालो. मग मला एक युक्ती सुचली. बाया नकोत, मीच शिडी लावून तोडतो. हात काट्यांनी ओरबाडले, पण घरट्याभोवतीचा एक झुबका मी शिवला नाही. बाकी झाड दुपारपर्यंत साफ झालं. बाया खूश होऊन गेल्या, पिल्लं शाबूत राहिली. मला माझ्या शहाणपणाचं फार कौतुक वाटलं.

मुलगी गेटपर्यंत चालत गेली आणि तिथून तिनं झाडाकडे बघितलं. “पप्पा, आता तर लांबूनच दिसायलंय.”

“मांजर कोंडली की झालं,” मी म्हणालो.

सोमवारी बायको सकाळच्या ड्यूटीला गेली. मांजर न्हाणीत. मी मुलीची वेणी घालत होतो, म्हणजे गुंता वाढवत होतो. तेवढ्यात मागून काकूंची हाक आली. “सर, या लवकर! लेकरं आणा! श्रावण सोमवार अन् दारात भारद्वाज!”

भिंतीवर तो बसलेला. काळाभोर, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा. भारद्वाज दिसणं शुभ, मागितलेलं मिळतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. काकूंनी हात जोडलेले. मी पोराला कडेवर घेतलं, अर्ध्या वेणीची मुलगी ओढत आणली आणि म्हणालो, “डोळे मीट, काय पाहिजे ते माग.”

तिनं घट्ट डोळे मिटले. मीही मिटले. मी काय मागितलं ते सांगायला लाज वाटते. मी नोकरी मागितली.

बुलबुलांची जोडी किंचाळायला लागली, तरी माझे डोळे मिटलेले होते. आधी पोरगा बोलला. त्याला डोळे मिटायचं कळत नव्हतं, त्यानं सगळं बघितलं होतं. “पप्पा, खायलंय.”

उघड्या पडलेल्या त्या झाडात एकच हिरवा झुबका, आणि भारद्वाजाचं डोकं त्या झुबक्यात. मी पायातली चप्पल काढून फेकली, मग दुसरी. तो पत्र्यावरून जड अंगानं उडून गेला. चोचीत काय होतं ते आम्हा सगळ्यांना दिसलं. मी शिडी लावून चढलो. घरट्यात ते न फुटलेलं अंडं तेवढं होतं.

काकूंचे हात अजून जोडलेलेच होते. ते सोडावेत की नाही हे त्यांना कळत नव्हतं. न्हाणीत मांजर ओरडत होती. मी जाऊन दार उघडलं, तर ती माझ्या पायाला अंग घासू लागली. मला तिथंच बसून रडू आलं.

मुलगी रडली नाही. माझ्यावर चिडली असती तरी बरं झालं असतं. “मी ती उडावीत असं मागितलं होतं,” एवढंच म्हणाली आणि राहिलेली वेणी घालून घ्यायला पाठमोरी बसली. बुलबुल दोन दिवस चोचीत किडे घेऊन येत राहिले. शाळेत जाताना तिचं पोट पुन्हा दुखायला लागलं, आणि पोटदुखीवर माझ्याकडे आता काही उपाय नव्हता.

दिवाळीपर्यंत बेल पुन्हा भरून आला. पुढच्या जूनमध्ये कॉलेजने मला परत बोलावलं. म्हणजे भारद्वाजानं माझं ऐकलं, असं काकू म्हणाल्या. त्यांनी दिलेला पेढा मी पोराच्या हातात ठेवला.

रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आम्ही चौघं हात जोडून बसतो. त्या सोमवारपासून मुलगी हात जोडते, श्लोक म्हणते, पण डोळे मिटत नाही. खिडकीतून अंगणाकडे बघत बसते. एकदा मी तिला हळूच म्हणालो, बाळा, डोळे मीट.

“तुमी मिटा, पप्पा,” ती म्हणाली. “मी बघते.”