प्रयोगशाळेला माझं कुलूप

आमच्या गावच्या शाळेतल्या दहावीच्या एकवीस पोरांना मी आणि हेडमास्तरांनी मिळून फसवलं. त्यातली एक पोरगी माझी स्वतःची होती. आधी माझा वाटा सांगते. हेडमास्तरांचा वाटा हेडमास्तरांनी सांगावा, त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

माझा धंदा बिछायतीचा. लग्न असो, बारसं असो की तेरवी, गावाला पातेली, ताटं, सतरंज्या, खुर्च्या आणि मांडव माझ्याकडून जातो. सुरुवात बचत गटाच्या चाळीस ताटांपासून झाली. भांडी कोणी घासायची यावरून गटातल्या बाया भांडून पांगल्या, तेव्हा ती ताटं मी एकटीने उचलली आणि घासलीही मीच. पहिली दोन वर्षं मोठी पातेली डोक्यावर घेऊन लग्नघरी पोचवली आहेत. आज देऊळघाटापर्यंतची लग्नं माझ्याकडे आहेत. चिखलीच्या एका भांडेवाल्याने बाई बघून मला एकदा पातळ पत्र्याची पातेली दिली होती. ती मी एसटीत घालून परत नेली आणि गिऱ्हाइकं बसलेली असताना त्याच्या गादीपुढे आपटली. तेव्हापासून तो मला पाहिलं की आधी चहा सांगतो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मी सौद्याला बसले की समोरच्याचं काय जातं आहे याचा विचार करत नाही, एवढं कळावं म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी टिनाची शेड गळली आणि सतरंज्यांना वास लागला. एका नवरीच्या बापाने त्या वऱ्हाडासमोर अंथरल्या, नाक धरलं आणि तशाच गुंडाळून परत पाठवल्या. तेव्हापासून मी पक्क्या छताची खोली शोधत होते. गावात अशी रिकामी खोली एकच होती. शाळेच्या टोकाची प्रयोगशाळा. वर स्लॅब, दोन जाळीच्या खिडक्या, भिंतीला लागून दगडी ओटा आणि कोपऱ्यात काचेच्या सामानाची एक लोखंडी अलमारी.

मी हेडमास्तरांकडे गेले.

"सर, ते टोकाची खोली महिन्यातून किती डाव उघडता?"

"प्रयोगशाळा हाय ताई ते. लागली तं उघडतो."

"मंग मी रोज उघडीन. हवा तरी लागंल तिले."

सर हसले. माणूस हसला की सौदा अर्धा झाला, हे मला ताटं घासायच्या दिवसांपासून माहीत आहे. त्यांनी शाळेच्या तीन कार्यक्रमांना फुकट मांडव मागितला. मी हो म्हटलं. त्यांनी स्नेहसंमेलनाला लाउडस्पीकरही मागितला. मी उठून चपला घातल्या. मग ते लाउडस्पीकरवरून पंचवीस खुर्च्यांवर आले आणि मास्तरांच्या खोलीचं गळकं छत माझ्या माणसांनी नीट करून द्यायचं ठरलं. कागदावर काही नाही. कुलूप माझं आणि किल्ली माझ्या कमरेला. घरी येऊन मी पोरीच्या पप्पांना सांगितलं, आज मी शाळा जिंकून आले.

विज्ञानाचे सर तासिकेवरचे होते, तरुण, बाहेरगावाहून मोटरसायकलवर येणारे. खोली भरताना ते दारात येऊन उभे राहिले.

"ताई, अलमारीपर्यंत जायले वाट तरी ठेवा."

"दोन काचेच्या नळ्यांसाठी माह्या खुर्च्या उन्हात टाकू काय, सर?"

माझी माणसं हसली. सर मान खाली घालून परत फिरले. त्या दिवशी मला ते माझ्या बोलण्याचं यश वाटलं होतं.

माझी पोरगी दहावीला होती आणि तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, बुलडाण्याच्या कॉलेजात. पुढे रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करायचं तिच्या मनात होतं. एकदा मला ताप आला तेव्हा तिथल्या बाईने माझं रक्त नळीत घेऊन काचेच्या पट्टीवर पसरवलेलं तिने पाहिलं, तेव्हापासून. ती दुसरं काही मागत नसे. आमच्या घरात हे एकच मागणं असं होतं ज्यावर मी घासाघीस केली नव्हती.

जानेवारीत विज्ञानाचे सर घरी आले. लग्नसराई जोरात होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, एक दिवस द्या. सकाळी खोली उघडा, संध्याकाळी लावा. पोरांचे चार प्रयोग करून घेतो. वर्षभरात एक बी झाला नाही."

खोली रिकामी करायची म्हणजे सगळी माणसं एक दिवस अडकणार आणि त्याच दिवशी धामणगाव बढ्याला मांडव टाकायचा होता. खरं सांगितलं असतं तर सर उद्याचा दिवस म्हणाले असते, मग परवाचा. म्हणून मी सांगितलं, "किल्ली माणसायजवळ हाय सर. ते धामणगावले गेले. आले की पाहू."

किल्ली माझ्या कमरेला होती. पदर वर खोचलेला होता आणि ती दिसत होती. सरांना दिसली की नाही, मला माहीत नाही. पोरगी उंबऱ्यावर जर्नल लिहीत बसली होती. तिने माझ्या कमरेकडे पाहिलं, मग पुन्हा जर्नलमध्ये मान घातली.

सर गेल्यावर ती म्हणाली, "जर्नल झालं लिहून, मम्मी. निरीक्षण मागच्या वर्षीच्या पोरीयचं उतरवलं."

"मंग बरं झालं ना."

हे मी म्हटलं. लेकरू म्हणत होतं की मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं, आणि मी बरं झालं म्हटलं.

प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या शाळेतून एक सर आले. त्यांच्या नाश्त्याच्या ताटल्या माझ्याकडूनच गेल्या. हेडमास्तरांच्या खोलीत पोहे झाले, जर्नलांवर सह्या झाल्या आणि एकवीसच्या एकवीस पोरांना वीसपैकी वीस मिळाले. कुलूप कोणी उघडलं नाही. मला वाटलं, भाव न देता माल मिळाला. उलट पोरीला पेढा भरवला.

मार्चात विज्ञानाच्या पहिल्या पेपरला मी तिच्यासोबत परीक्षा केंद्रावर गेले होते, लिंबूपाणी घेऊन. दोन तास शाळेबाहेरच्या कडुनिंबाखाली बसले. पोरं बाहेर आली तेव्हा आधी मला वाटलं, आत कोणाचं भांडण झालं. एका पोराने पॅड जमिनीवर आपटलं. दोन पोरी गेटच्या खांबाला टेकून रडत होत्या. आमच्या गावची पोरं एकदम बोलत होती.

"बे, खिळा लाल होते का हिरवा?"

"मी काळा लिहिला."

"मी गंजला लिहिलं. पाण्यात टाकल्यावर दुसरं काय होईन?"

"अरे, मोरचूद होतं ते, साधं पाणी नव्हतं."

"मोरचूद आमच्या घरी पिशवीभर पडेल हाय. फवाऱ्यात टाकते बाप. मले हात लावू देला नाही कधी."

हसले सगळे, पण ते हसणं लवकर संपलं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा ठेवला तर काय दिसेल आणि का, असा प्रश्न होता. दुसऱ्यात भिंग, मेणबत्ती आणि पडदा काढला होता आणि मांडणीतली चूक विचारली होती. पुस्तकातलं वाक्य पाठ करून यातलं काही येत नव्हतं. एक पोरगं म्हणालं, "दुसऱ्या शाळेचे पोट्टे म्हणे सोपं होतं. त्यायनं हे सगळं करून पाहेल होतं."

माझ्या पोरीच्या वर्गातली एक पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"काकू, तुमच्या सतरंज्या वाळल्या ना पण?"

तिच्या मैत्रिणीने तिची ओढणी ओढली. माझा पारा चढला. "कोणाची वं तू? मोठ्या माणसासंग असं बोलते?" मी पुढे झाले तर माझी पोरगी मध्ये आली.

"तिले काऊन बोलते, मम्मी? खोटं बोलली काय ते?"

परतीच्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. लिंबूपाण्याची बाटली तशीच परत आली.

माझा राग असा आहे की तो आत राहत नाही, कोणावर तरी जाऊन पडतो. मी घरी न जाता सरळ शाळेत गेले. हेडमास्तर एकटेच होते.

"सर, पोरं रडत आली. वर्षभर काय शिकवलं तुम्ही? एक प्रयोग दाखवता नाही आला?"

ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसला. "ताई, प्रयोगशाळेची किल्ली कोठी हाय?"

माझा हात आपोआप कमरेला गेला. ते हसले, तसंच, सौद्याच्या दिवशी हसले होते तसं. "जाऊ द्या. वीस तं सगळ्यायले देलेच हायेत. पास होतीन पोरं. कोणाची तक्रार हाय काय?"

त्या हसण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे. पण खरं लिहायचं तर मीही जानेवारीत तेच म्हटलं होतं.

मी घरून माणसं बोलावली आणि त्याच दुपारी खोली रिकामी केली. सतरंज्या, खुर्च्या, कनाती, सगळं शाळेच्या पटांगणात. दोन दिवसांनी विज्ञानाचा दुसरा पेपर होता, एवढ्याशा वेळात काय होणार होतं, पण मला ती खोली भरलेली बघवत नव्हती. पोरगी मागून आली. ती सरळ अलमारीपाशी गेली. अलमारीचं दार खुर्च्यांच्या भाराने वाकलं होतं. आत नळ्या होत्या, भिंगं होती आणि एका बाटलीत निळे खडे होते. नळ्या तर कागदातून काढलेल्याही नव्हत्या.

तिने एका काचेच्या भांड्यात पाणी घेतलं आणि खडे विरघळवले. मग माझ्याकडे हात केला.

"खिळा दे."

मांडवाचे खिळे माझ्या पिशवीत असतातच. मी एक दिला. तिने तो ओट्यावर घासून चकाकवला आणि पाण्यात सोडला. आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. बाहेर माणसं खुर्च्या मोजत होती. थोड्या वेळाने खिळ्यावर लालसर थर दिसायला लागला, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा. तिने तो चिमट्याने उचलून खिडकीकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"एवढंच होतं," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं, म्हणून आपल्या मनगटावरच्या. "अर्धा तास बी नाही लागला, मम्मी."

तिचा आवाज चढला असता तर मला बरं झालं असतं. मी भांडू शकले असते.

निकाल लागला तेव्हा प्रात्यक्षिकाचे वीस तिच्या नावापुढे तसेच होते. लेखी पेपरांत ती कशीबशी वर राहिली. बाकी विषय चांगले होते. बुलडाण्याला सायन्सला नंबर लागला असता, मी चौकशी करून आले होते. ती म्हणाली, नको.

"काऊन नको? लॅबवाल्या बाईसारखं व्हायचं होतं ना तुले?"

"तिथं सगळे प्रयोग करून आलेले राहतीन. माह्या गुणपत्रिकेवर वीस हाय. कोणी म्हटलं करून दाखव, तं काय करू?"

मी तिला पुष्कळ समजावलं. पप्पांनीही समजावलं. मी जिथे जिथे सौदे केले तिथे समोरच्याला शेवटी माझ्या बाजूला आणलं. तिला आणता आलं नाही. तिने आर्ट्सचा फॉर्म भरला. विज्ञानाच्या सरांची तासिका पुढच्या वर्षी चालू राहिली नाही. त्यांना मी फोन केला. मी खोटं बोलले होते, हे सांगायचं होतं. ते म्हणाले, "मले दिसली होती किल्ली, ताई. माह्यात म्हणायची हिंमत नव्हती, नोकरी तात्पुरती होती." मग तेच मला म्हणाले, माझंही चुकलं. त्यांचं काय चुकलं?

आता हेडमास्तर निवृत्त होत आहेत. शाळेच्या पटांगणात सत्कार आहे. गेल्या आठवड्यात ते स्वतः घरी आले, मांडव सांगायला. पोरगी दारात होती. त्यांनी तिला विचारलं, "काय घेतलं मग अकरावीले?" तिने सांगितलं. ते म्हणाले, "छान, छान." आणि माझ्याकडे वळून स्टेज केवढं पाहिजे ते सांगायला लागले.

सर, मांडव मी टाकते. सतरंज्या धुतलेल्या देते, खुर्च्याही देते. माझी एकच बोली आहे आणि तिच्यात घासाघीस नाही. तुमच्या गळ्यात हार पडायच्या आधी मी त्या स्टेजवर चढून किल्ली कोणाच्या कमरेला होती ते सांगणार आहे. तुम्ही हसाल, गाव मला नावं ठेवील, ठेवू दे. पण मी खाली उतरले की माईक तुमच्या हातात येईल. त्या एकवीस पोरांसमोर, आणि समोरच्या खुर्चीवर माझी पोरगी असेल तिच्यासमोर, तुम्ही सांगा: जी खोली वर्षभर उघडली नाही, तिच्यात झालेल्या प्रयोगांना वीसपैकी वीस तुम्ही कशावरून दिले?