बाजूला बसण्याचे दिवस

सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनी डोळे पुसून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा, की आता महिन्याच्या त्या चार दिवसांत तुझ्या घरी चूल कोण पेटवणार? मला राग आला होता. पण प्रश्न खरा होता. घरात दुसरी बाई नाही, पोटी मुलगी नाही. दोन मुलगे, थोरला अकरा वर्षांचा आणि धाकटा सहाचा. यांची नोकरी साखर कारखान्यात. सकाळी सायकलवर टांग मारून गेले की दिवस मावळताना परत. मोठ्या दुष्काळाच्या आधीची दोन-अडीच वर्षं, बेलापूरपासून कोसभरावर आमची वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या काळी बाजूला बसणं म्हणजे खरोखरच बाजूला बसणं. पाळी आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. देवाला, पिण्याच्या पाण्याला, माणसाला शिवायचं नाही. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळी ताटली, वेगळा तांब्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की सुटका. शेतातल्या खुरपणीला मात्र हा विटाळ कधी आडवा आला नाही. उन्हात वाकायला मी चालत होते. हे तेव्हाही मनात यायचं आणि मनातच राहायचं. मुलांना सांगायचं एवढंच, की आईला कावळा शिवलाय. अंगावर कपडा नसलेल्या तान्ह्याला आईजवळ जायची मुभा असायची. पोर सदरा घालायला लागलं की तेही लांब.

म्हणून थोरल्याला मी पडवीतूनच स्वयंपाक शिकवला. दाराच्या या बाजूला मी, त्या बाजूला चुलीपुढे तो. पीठ किती, पाणी किती, जाळ कधी मागे ओढायचा, सगळं तोंडी. पहिल्या दिवशी भाकरी तव्याला अशी चिकटली की उलथन्यानं खरवडून काढावी लागली. धाकटा पोट धरून हसला. "दादा, ही भाकरी न्हाई, चुरा हाय चुरा." थोरल्यानं त्याला पिठाच्या हाताने एक ठेवून दिली आणि दुसरा गोळा घेतला. तीन-चार महिन्यांत त्याच्या भाकरीला पापुद्रा सुटायला लागला. माझ्यापुढे ताटली सरकवून तो लांब उभा राहायचा आणि मी पहिला घास खाईपर्यंत हलायचा नाही.

समोरच्या घरात माझ्या चुलत सासूबाई राहायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणे. त्या येता-जाता टोमणा मारायच्या, "पोराची पोरगी केलीस की गं." त्यांच्या घरी तीन सुना होत्या, त्यांना बोलायला काय जातंय? शिवाय मी नियम नीट पाळते की नाही यावर त्यांची बारीक नजर असायची.

खरं सांगते, ते दिवस मला आवडायचे. एरवी मुलांना माझी पाठच दिसायची, चुलीपुढे, जात्यापुढे, गोठ्यात. त्या चार दिवसांत मी रिकामी बसलेली असायची आणि माझं तोंड त्यांच्याकडे असायचं. थोरला भाकरी थापता थापता शाळेतलं सगळं सांगायचा. मुलगे मोठे होतात तसे आईपासून सुटत जातात, हे मी माझ्या भावांकडे पाहून जाणून होते. त्यांना आईशी बोलायला दोन वाक्यांच्या वर काही सापडत नसे. माझ्या मुलांचं तसं होऊ नये, एवढीच माझी धडपड होती, आणि ती साधली आहे असा माझा समज होता.

थोरला आठवीला बेलापूरच्या हायस्कुलात जायला लागला आणि त्याचा आवाज फुटला. त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी बाजूला बसले. हे कामावर गेले होते. थोरला दारात आला, पण माझ्याकडे न बघता खांबाकडे बघत म्हणाला, "मी न्हाई आज सैपाक करनार."

"का रं? हाताला काय झालं?"

"पोरं हसत्यात. कावळा-बिवळा काय नसतो. समदं कळलंय मला." मग खालच्या आवाजात म्हणाला, "घान हाय ते."

माझा स्वभाव आधीच तापट. दुसरी एखादी गप्प बसली असती, नाहीतर पोराला समजावून सांगितलं असतं. मी म्हणाले, "त्याच घाणीतनं आलायस तू." त्याचं तोंड लालबुंद झालं. तो परसात गोठ्यामागे जाऊन बसला.

धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. तो म्हणाला, "आई, मी करतो. मला येतंय." आत्याबाईंना हाक मारली असती तर त्यांनी दोन भाकऱ्या थापून दिल्या असत्या. पण त्यांचं बोलणं मला नको होतं, आणि त्याहून जास्त, मला थोरल्याला दाखवायचं होतं. मी मुद्दाम मोठ्यानं, परसात ऐकू जाईल असं म्हणाले, "कर माझ्या राजा. तुझ्यावाचून कुणाचं अडलं नाही म्हणावं त्याला."

त्याने चूल पेटवली, डाळ शिजायला ठेवली. मी दारातून सांगत होते आणि तो अगदी मन लावून करत होता. डाळ शिजली तेव्हा मी म्हणाले, सांडशीनं धर, दोन्ही हातांनी. त्याने धरलं. भगुनं चुलीवरून उचललं, दोन पावलं आला, आणि सांडशी निसटली. उकळती डाळ त्याच्या गुडघ्याखाली सगळ्या पायावर आली.

तो "आई" म्हणून ओरडला आणि दोन्ही हात माझ्याकडे केले.

मी उठले होते. उंबऱ्यापर्यंत धावले होते. आणि तिथे माझा पाय थांबला. कोणी थांबवला नाही. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून ओरडत होते, "आत्याबाई, अहो आत्याबाई, धावा!" पोटचं पोर चार हातांवर भाजून तडफडत होतं आणि मी शेजारणीला हाका मारत होते. चार श्वासांचा वेळ गेला असेल. पन्नास वर्षं झाली, तो वेळ अजून सरलेला नाही.

परसातून थोरला आला. त्याने भावाला उचललं, रांजणातलं पाणी त्याच्या पायावर तांब्या-तांब्यानं ओतलं. आत्याबाई आल्या, शाई ओता म्हणाल्या. तेव्हा भाजल्यावर शाईच ओतत. थोरल्यानं दप्तरातली आपली निळ्या शाईची दौत पायावर पालथी केली. मग मान वर करून मला म्हणाला, "बघत काय उभी ऱ्हायलीस?"

कारखान्यावर ऊस टाकून रिकामी परतणारी एक बैलगाडी रस्त्यावर भेटली. थोरला भावाला मांडीवर घेऊन गाडीत बसला. मी गाडीमागून चालत बेलापूरला गेले. गाडीवान दोनदा म्हणाला, "बाई, बसा की." मी बसले नाही. आत्याबाई बघत नव्हत्या, रस्त्यावर मला ओळखणारं कोणी नव्हतं, तरी मी बसले नाही.

दवाखान्यात डॉक्टर शाई बघून आधी चिडले. मग ती धुवायला घेतली तसा धाकटा किंचाळायला लागला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "आई ना तुम्ही? मग धरा की त्याला. लांब काय उभ्या?"

मी पुढे झाले. तेव्हा तो रडायचा थांबला, पाय ओढून घेतला आणि म्हणाला, "नको आई. मला शिवू नको. तुला पाप लागंल."

डॉक्टरांनी खाली मान घातली. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी धाकट्याला मांडीवर घेतलं आणि मलमपट्टी होईपर्यंत घट्ट धरून ठेवलं. त्याने अंग चोरून घेतलं होतं. माझ्या पदराला आपला हात लागू नये म्हणून तो मुठी छातीशी धरून बसला होता.

त्या महिन्यापासून मी बाजूला बसणं सोडलं. आत्याबाईंनी वर्षभर आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. यांनी पहिल्या दिवशी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जेवले. थोरल्याला मी म्हणाले, "चुकलं माझं." तो म्हणाला, "माझं बी." त्यानंतर कधी मला बरं नसलं की तो न सांगता पिठाचा डबा काढायचा. आजही माझ्याशी तासन्‌तास बोलतो. ज्याच्याशी भांडले तो मुलगा माझ्यापासून सुटला नाही.

धाकट्याचा पाय दोन महिन्यांत बरा झाला. तो माझ्यावर कधी रागावला नाही, कधी त्या दिवसाचं नावही काढलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात तो बांधावरच्या चिंचेवरून पडला. मी खालीच होते, दहा पावलांवर. तो उठला, मोडलेला हात दुसऱ्या हाताने धरला. मी दोन्ही हात पसरून त्याच्या वाटेत उभी होते. तो मला वळसा घालून पुढे गेला, दादाला हाका मारत.