पेवाच्या तोंडाशी

माझ्या भासऱ्याचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, जीव मी एकदा वाचवला. गावात अजूनही बाया हे मोठ्या कौतुकानं सांगतात. पोटची पोरगी गेली, तरी बाईनं मनात काही ठेवलं नाही, म्हणतात. ऐकलं की माझं अंग जळते. मनात ठेवलं नाही म्हणे! अवं, मी सगळं ठेवलं होतं, एक कण सांडू देला नव्हता. त्याले वाचवलं ते त्याचं भलं व्हावं म्हणून नाही, हे एकदा मले माझ्या तोंडानं सांगायचं आहे.

आमचं गाव अकोटपासून दोन कोसांवर. त्या सालांत कापसानं लोकांले येडं केलं होतं. सातासमुद्रापलीकडं कुठी तरी लढाई लागली होती, तिथला कापूस बंद झाला, अन् साहेबाले आपला पाहिजे होता. लढाई त्यांची अन् येडे झालो आमी. ज्यानं त्यानं ज्वारी सोडून कापूस पेरला, पार घराच्या पायरीपर्यंत पऱ्हाट्या आल्या. आगगाडी अजून अकोल्यापर्यंत आली नव्हती, त्याच्यानं गाडीवानाले लय मागणी. माझा नवरा गाडी जुंपून गेला की महिना महिना घरी येत नव्हता, आज अमरावती, उद्या अकोला. घरात रुपये होते. पण रुपये काही शिजत नाहीत, अन् बाजारात ज्वारी दिसेना.

ज्वारी होती ती भासऱ्याच्या पेवात. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड माणूस उतरेल एवढं अन् पोट खोलीएवढं. एकत्र होतो तेव्हाची ज्वारी त्यात भरली होती. ती खुडायले मी होते, खळ्यावर मी होते, पेव आतून शेणामातीनं लिंपायलेही मीच होते. वाटणीत पेव त्याच्याकडं गेलं. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, दुसरं काय?

होळीच्या आधी आमचे डबे रिकामे झाले. पोरगी चार वर्षांची होती. भूक लागली की रडत नव्हती, नुसती माझा पदर धरून मागं मागं फिरायची. मी भासऱ्याच्या घरी गेले. आता आमच्यात अशी रीत की धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही. तोंड दाखवायचं नाही, त्याच्या सावलीतून जायचं नाही. काही सांगणं असलं की जावेले सांगायचं, अन् जाऊ त्याले सांगते. मी दाराआड उभी राहिले, जावेनं विचारलं, तो ओसरीवरून बोलला. बोलला म्हणजे हवेले बोलला.

"सांग तिले, पेव रिकामं आहे. अन् म्हणा, देवाच्या मर्जीशिवाय झाडाचं पान हलत नाही. त्याच्या मनात असन त पोरगी जगन."

पेव रिकामं! तोंडावरची माती मी डोळ्यानं पाहून राहिले होते, लिंपल्यापासून बोट लागलं नव्हतं तिले. पण बोलू कशी? मी घरी आले अन् सरकी उकडली. सरकी ढोराचं खाणं, त्या साली गावात ढीग पडले होते तिचे. मीठ टाकून पोरीले चारली. तिनं खाल्ली, हसलीही. तिसऱ्या दिवशी ढाळ लागली, अन् पाचव्या दिवशी ती गेली. नवरा तेव्हा गाडी घेऊन अमरावतीच्या वाटेवर होता.

भासरा मातीले आला. आल्यावर तेच, देवाची मर्जी, माणसाच्या हाती काय आहे? त्याच्या तोंडात माती पडो! मंग त्यानं रोज सकाळी मारुतीले पाणी घालणं सुरू केलं. करून करून भागला अन् देवपूजेले लागला. लोक म्हणत, किती भाविक माणूस. मी माझ्या दारातून पाहत राहायची, अन् दात खायची.

दात खात खात मले एक समजलं. देवानंच सगळं केलं म्हटलं, त त्या माणसाले शिव्या द्यायची सोयच राहत नाही. बैलानं लाथ मारली त कोणी त्याले पापी म्हणत नाही. मले त तो पापी पाहिजे होता. त्याच्या मनात आलं असतं त तो देऊ शकत होता, हे मले पाहिजे होतं, नाही त माझा राग जाईन कुठी?

चैत्रात रिद्धपुराकडं जाणारा एक महानुभाव बाबा आमच्या दारी पाणी प्याले थांबला. काळे कपडे, पाय फुटलेले. मी त्याले विचारलं, "बाबा, देवानं माणसाले मर्जी काहून देली? पाप करायलेच ना?"

तो म्हणे, "पापाची मोकळीक नसती, त पुण्य कशाले म्हटलं असतं, माय?"

"पुण्याचं नका सांगू," मी म्हटलं. "पाप करताना सगळे मोकळे असतात. चांगलं करायची वेळ आली की प्रत्येकाचे हात देवानं बांधलेले. मोकळा होऊन चांगलं करणारा मी त अजून पाहिला नाही."

"पाहिला नाही, त करून पाह," तो म्हणे, अन् तांब्या ठेवून चालता झाला. मले राग आला. सांगाले काय जाते बाप्पा?

वैशाखात भाव आभाळाले भिडला. अकोल्याचा एक व्यापारी ज्वारी पाहाले दुसऱ्या दिवशी येणार होता, अन् भासऱ्याले त्याच्यासाठी वानगी काढायची होती. गावात गडी मिळेना, सगळे गाड्यांवर. जाऊ भावाच्या लग्नाले बार्शीटाकळीले गेलेली. त्यानं सकाळी एकट्यानंच पेवाचं तोंड फोडलं. खरं म्हणजे पेव फोडलं की दोन दिवस उघडं ठेवतात. आत कोंडलेली हवा माणसाले उभ्या उभ्या मारते, आवाजही काढू देत नाही. उतरायच्या आधी शिंक्यात दिवा ठेवून आत सोडतात. जळत राहिला त उतरायचं, विझला त थांबायचं. हे आमच्याकडं लेकरालेही माहीत असते. पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा आला होता. भर दुपारच्या उन्हात त्या अंधाऱ्या भोकात त्याले काय दिसणार?

तो आमच्या अंगणाच्या कडेले आला अन् लिंबाच्या झाडाकडं तोंड करून बोलला, "कोणी ऐकत असन त पेवाजवळ या म्हणा. दिवा पाहायचा आहे."

मी पदर ओढून गेले. तुमी म्हणसान, ज्या बाईची पोरगी आपल्यापायी मेली, तिच्यावर त्यानं भरवसा कसा ठेवला? मीही लय विचार केला. त्याच्या लेखी मी बाई, अन् बाईले कुठची आली मर्जी? सांगितलं ते करन, एवढंच त्याले माहीत.

त्यानं कंबरेले दोर बांधला, दुसरं टोक खुंट्याले बांधलं. दिवा आत सोडला अन् पुन्हा झाडाले सांगितलं, "विझला असन त बांगड्या वाजवा म्हणा. नाही वाजल्या त मी उतरतो."

मी वाकून पाहिलं. दिवा निम्म्यावर गेला, लहान झाला, निळा झाला, अन् गेला. कोणी फुंकर मारल्यावानी.

मी सरळ उभी राहिले. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या. काही करायचंच नव्हतं मले, पाहा ना! खोटं बोलायचं नव्हतं, ढकलायचं नव्हतं. रीत पाळायची होती फक्त. भासऱ्याशी न बोलणारी गुणाची भावजय. कोणी विचारलं असतं त म्हटलं असतं, मले बाई आतलं दिसलं नाही. तो काठावर बसला, पाय आत सोडले. मले पोरीचे सुकलेले ओठ दिसले. उतर, म्हटलं मनात, उतर मुडद्या! तो कंबरेपर्यंत आत गेला. दोन्ही हात काठावर, अन् तोंडानं देवाचं नाव.

त्या नावानं घात केला. मले वाटलं, हा आत मेला त गाव काय म्हणन? देवाची मर्जी. हाही तेच म्हणत मरन, एकदम निर्मळ. ना त्याले कळन त्यानं काय केलं, ना मी काय केलं. माझ्या पोरीचं मरण अन् याचं मरण एकाच देवाच्या खात्यावर! छे. एवढ्या स्वस्तात मी सोडणार नव्हते त्याले.

"दिवा विझला," मी म्हटलं.

बांगड्या नाही वाजवल्या, तोंडानं बोलले, पदर मागं टाकून. लग्नानंतरच्या सात वर्षांत त्यानं माझा आवाज पहिल्यांदा ऐकला. दिव्यापेक्षा त्या आवाजालेच तो जास्त भ्याला. कसाबसा वर आला अन् धापा टाकत काठावर बसला.

"देवानं वाचवलं," तो पुटपुटला.

"देवानं नाही, मी," मी म्हटलं. "दिवा केव्हाचा विझला. बांगड्या मी हातानं दाबून धरल्या होत्या. तुमी मरत होते अन् मी पाहून राहिले होते. मंग मनात आलं, अन् बोलले. कोणी बोलायले लावलं नाही मले. मले जमलं, त तुमालेही जमलं असतं. पेव भरलं होतं. देता येत होतं तुमाले. पोरगी देवानं नाही नेली, तुमी मारली."

एका दमात बोलले सगळं. आयुष्यात एवढं गोड मले काही लागलं नाही, खरं सांगते. तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. मले वाटलं, आता पाय धरन, अन् मी पाय मागं घ्यायची तयारी ठेवली.

पण त्यानं पाय धरले नाही. पहिल्यांदा तो झाडाशी नाही, माझ्याशी बोलला.

"मी नाही म्हटलं, हे खरं. पेव भरलं होतं, हेही खरं. पण तू निघाली तेव्हा तुझी जाऊ तुले हळूच म्हणे, उद्या मागच्या दारानं ये. ते मी ऐकलं होतं. तिनं घरच्या कणगीतून पायलीभर ज्वारी काढून गोठ्यात ठेवली, ते मी पाहिलं अन् पाठ फिरवली. चार दिवस पायली तिथंच होती. तू काहून नाही आली वं?"

हे मी मघाशी सांगितलं नाही. जाऊ तसं म्हणली होती, अन् मी ऐकलंही होतं. मले वाटलं, मागच्या दारानं जायले मी काय चोर आहे? माझ्या हातची ज्वारी मी लपून आणू? द्यायचं त समोरच्या दारातून द्या, नाही त राहिलं! अन् त्याच ऐटीत चुलीवर सरकी ठेवली.

मंग मी काय केलं, विचारता? पदर कपाळावर ओढला अन् घरी आले. तो पुढं लय वर्षं जगला, माझी नजर पडली की वाट बदलत होता, अन् मले ते बरं वाटे. अजूनही त्याले शिव्या देते मी, रोज देते. पण आमच्या दोन घरांत अंतर ते किती होतं? अंगण अन् अंगण. वाट उघडी होती, पाय धड होते. मले कोणी धरून ठेवलं नव्हतं.