चोवीस जोड मोज्यांचं सर्टिफिकेट

माझे बाबा जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला प्रत्येक नग त्यांच्या डोळ्यांखालून जायचा. ज्याच्यावर शिक्का नाही, तो नग त्यांच्या लेखी जगात नव्हताच. हा कायदा त्यांनी घरी मलाही लावला.

मी तेव्हा हायर सेकंडरीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला बी.एस्सी. करायचं होतं. दुसऱ्या शहरात मुलींचं एक नावाजलेलं कॉलेज होतं, वसतिगृहासकट, पण सायन्सच्या जागा मोजक्या आणि प्रवेश मुलाखत घेऊन. जागा मिळाली नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. अकोल्याच्या आत्यानं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा बरा होता म्हणतात. मी त्याला न बघताच त्याचा राग राग करायची.

रेल्वेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी बाबांना सांगितलं, ‘तिथं मार्क सगळ्यांचेच चांगले असतात, अभ्यासाबाहेर पोरीनं काय काय केलं ते बघतात.’ झालं! बाबांनी दुसऱ्याच दिवशी एक फाईल आणली आणि ती भरायच्या मागे लागले. मी एन.सी.सी.त गेले आणि परेडच्या उन्हात दोनदा चक्कर येऊन पडले. हिंदी वादविवादात बोलले, भाषणं बाबांनी लिहिलेली. प्रथमोपचाराचा वर्ग केला. एका सर्टिफिकेटावर शिक्का पुसट उठला म्हणून बाबांनी मला घमापुरातल्या घरून परत शाळेत पिटाळलं. बाई हसून म्हणाल्या, ‘पिताजी से कहना, यह बम नहीं है.’ मी बाबांना तसं काही सांगितलं नाही.

मग चीनशी लढाई सुरू झाली. कारखान्याची पाळी बारा तासांची झाली आणि बाबा दिसेनासे झाले. शाळेत जवानांसाठी खाकी लोकर आली. मुलींनी स्वेटर, मफलर, मोजे विणून आणायचे, आणि सगळ्यांत जास्त विणणारीला कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या सहीचं सर्टिफिकेट मिळणार होतं. मोठ्या साहेबांची सही म्हटल्यावर बाबांनी पाळीवरून येऊन बूट काढायच्या आधीच हुकूम सोडला, की हे सर्टिफिकेट फायलीत पाहिजे.

मला विणता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे काय, माझ्या हातून सुईवरचे टाके उतरत तरी किंवा घट्ट बसत तरी. आईनं दोन दिवस माझी धडपड बघितली आणि लोकर ओढून घेतली.

‘दे इकडे. तू अभ्यास करून राहिली ना, तो कर. मोजे मी विणते.’

‘पण नाव माझं लागेल, आई.’

‘लागू दे. जवानाच्या पायाला काय समजते कोणी विणले ते?’

तो सगळा हिवाळा आई दुपारचं काम आटोपून अंगणात उन्हाला बसायची, चार सुयांवर मोजे विणायची, आणि मी शेजारी बसून फिजिक्स मोठ्यानं वाचायची. आईची शाळा चौथीत सुटली होती. पण ती मुकाट्यानं ऐकून घेणारी बाई नव्हती. दर चार ओळींना ‘काहून?’ म्हणून अडवायची. एकदा म्हणाली, ‘लोकरीत विस्तव तर नाही, मग ती गरम काहून राहते?’ मी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं. ‘हे तं त्यानं लिहिलं. तू सांग.’ मी चिडायची, पाय आपटायची. पण तिला पटेपर्यंत ती पुढचं वाचू द्यायची नाही, म्हणून मला खरंच समजून घ्यावं लागायचं.

चोवीस जोड झाले. टाळ्या वाजल्या आणि सर्टिफिकेट मी घेतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आणखी कशाला?

जूनमध्ये मुलाखत झाली. टेबलापलीकडे तिघं होते, त्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई. बाबांची फाईल त्यांनी भराभर उलटली आणि नेमक्या मोज्यांपाशी थांबल्या.

‘चौबीस जोड़ी! शाबाश. अच्छा बेटी, एड़ी कैसे मोड़ती हो? मेरी तो हमेशा बिगड़ जाती है.’

टाच कशी वळवतात ते मी सगळा हिवाळा डोळ्यांसमोर बघितलं होतं, आणि मला एक अक्षर सांगता येईना. काहीतरी ठोकून द्यावं असंही मनात आलं. पण त्या बाईंना माहीत असणार. मी म्हणाले, ‘मुझे नहीं आता. मेरी माँ ने बुने हैं.’

मधल्या गृहस्थांनी चष्मा काढला. ‘इस फ़ाइल में और क्या-क्या आपका नहीं है?’

मग मी सगळंच सांगून टाकलं. भाषणं बाबांची होती, परेड माझी होती पण मी पडले होते, पट्टी बांधता येते ती मात्र खरंच येते. आत्याचं स्थळ मला समोर दिसायला लागलं होतं. बाईंनी विचारलं, आई मोजे विणत होती तेव्हा तू काय करत होतीस? मी अंगणातलं वाचन सांगितलं, आईचं ‘काहून’ सांगितलं. त्यांनी लोकरीचाच प्रश्न मला पुन्हा घातला. धाग्यांमध्ये हवा अडकून बसते आणि अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे मी आईला जसं सांगितलं होतं तसंच त्यांना सांगितलं. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. चारही आले.

घरी येऊन खरं काय ते सांगितलं तर बाबा भडकले. ‘काहून बोलली? शिक्का होता ना त्याच्यावर!’ आठ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यांना, हे मला फार उशिरा कळलं.

मग कॉलेजचं पत्र आलं. मला जागा मिळाली होती. बाबांनी ते तीनदा वाचलं, खालचा शिक्का उजेडात धरून बघितला आणि सायकल काढून जिलबी आणायला गेले.

आई कणीक मळत होती. मी तिला पुन्हा एकदा सगळी मुलाखत सांगितली, ती बाई काय म्हणाली, मी काय म्हणाले. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

‘तिथं माझं नाव सांगितलं काय तू?’

‘नाही... मेरी माँ, एवढंच म्हटलं.’

‘आणि त्यांनी नाही विचारलं?’

‘नाही.’

‘अच्छा,’ ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

फायलीतल्या प्रत्येक कागदावर माझ्या नावाखाली ‘सुपुत्री श्री’ म्हणून बाबांचं नाव होतं. आईचं कुठंच नव्हतं, आणि असायला हवं असं तोवर मला कधी सुचलंही नव्हतं. मी तिथंच तिच्या पाठीला डोकं टेकून रडले. ‘काहून रडून राहिली? जागा मिळाली ना!’ ती म्हणत राहिली. कोणी विचारलं नाही हे खरं होतं. पण सांगायला मला कोणी मना केलं होतं?