एरंडोलचा राउटर

आमच्या जळगाव आणि धुळ्याच्या ऑफिसांचे राउटर एक नेटवर्कवाला टनेलने जोडून द्यायचा. टनेल म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही. धुळ्याची फाइल इथे उघडते, एवढं कळतं. ते सारखं तुटायचं, म्हणून तो सारखा यायचा. चहा कधीच घेत नसे. कामाला हात लावण्याआधी लॅपटॉपवर एरंडोलच्या आपल्या घरचा राउटर तपासायचा. तिथे त्याची आई एकटी राहायची. तिला ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. झोपताना राउटर बंद करायचा आणि उठल्यावर चालू करायचा, एवढं त्याने तिला शिकवलं होतं. त्या राउटरकडून उत्तर आलं की तो स्वतःशीच अहिराणीत म्हणे, "माय उठनी."

परवा उत्तर आलं नाही. अकरा वाजून गेले होते.

"लाइट गेली असेल," मी म्हणालो.

"लाइट शे. शेजारच्यांचा राउटर चालू शे."

"मग निघा ना, भाऊ."

तो निघाला नाही. त्याने आमचं टनेल जोडलं, धुळ्याहून उत्तर येतंय हे दोनदा पाहिलं, वायरी सावकाश गुंडाळल्या. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चहा सांगा."